हौस म्हणून

"तुम्ही बाहेरच बसा," ती म्हणाली. दाराच्या मुठीवर तिचा डावा हात होता आणि तिने मागे वळूनही पाहिलं नाही. आवाजात राग नव्हता, रुसवा नव्हता. गॅसवर दूध आहे, जरा लक्ष ठेवा, असं सांगावं तितकं ते साधं होतं. मास्तर अर्धे उठले होते. एक हात खुर्चीच्या दांडीवर, दुसऱ्या हातात तिची फाईल, आणि डॉक्टरांना सांगायचं पहिलं वाक्य जिभेच्या टोकावर तयार: डॉक्टर, आता हिचा डावा हातही. ते वाक्य तसंच राहिलं. दार उघडलं, आतला पांढरा उजेड फरशीवर पट्टीसारखा पडला आणि दार लागताच कुणीतरी गुंडाळून नेल्यासारखा नाहीसा झाला. मास्तर काही वेळ ना उभे ना बसलेले असे राहिले. मग ते परत खुर्चीत टेकले.

"काका, ती फाईल द्या माझ्याकडे," टेबलामागची मुलगी म्हणाली.

"मी देतो ना आत नेऊन."

"नको, मी देते. बाईंनी फोनवरच सांगितलं होतं, मी एकटीच बोलणार आहे म्हणून."

"फोनवर? कधी?"

"नंबर लावला तेव्हा." तिने फाईल घेतली, दारावर बोटाने टकटक केली, आत सरकली, बाहेर आली. एवढं सोपं होतं ते. मास्तरांचे हात आता रिकामे होते आणि ते कुठे ठेवावेत हे त्यांना कळेना. म्हणजे हे आजचं नव्हतं. दारापाशी अचानक मनात आलेलं नव्हतं. नंबर लावायचं काम नेहमी त्यांचं. या वेळी तिने स्वतःच लावला तेव्हा त्यांना वाटलं होतं, आपले श्रम वाचवले. मनातल्या मनात तिचं कौतुकही केलं होतं. ती तेव्हापासून हे वाक्य घडी घालून जवळ बाळगत होती. त्यांच्याशेजारी जेवत होती, वर्तमानपत्राची आतली पानं मागत होती, आणि ते वाक्य तिच्याजवळ होतं.

शेजारच्या खुर्चीत एक म्हातारबाबा बसले होते आणि त्यांच्या पलीकडे त्यांची सून. सून टेबलामागच्या मुलीला सांगत होती, "आम्हाला रात्री झोप लागत नाही, आणि आमची भूक पण गेलीये."

"तुला लागते की झोप," म्हातारबाबा म्हणाले. "भिंतीपलीकडून ऐकतो मी घोरणं."

"बाबा, मी तुमचंच सांगतेय."

"मग माझं सांग ना. आमचं कशाला सांगतेस? तू तर काल दोनदा वाढून घेतलंस."

टेबलामागची मुलगी हसली, सूनही हसली, आणि मास्तरही सवयीने हसले. हसता हसता त्यांना आपलाच आवाज ऐकू आला. आपण आता डावीकडे वळतोय. आपण आता वेग कमी करतोय. जन्मभर त्यांनी लोकांना गाडी चालवायला शिकवलं होतं आणि जन्मभर ते असंच बोलत आले होते. शिकवायच्या गाडीत शेजारच्या माणसाच्या पायाखालीही एक ब्रेक असतो. शिकणाऱ्याला वाटतं, गाडी मीच थांबवली. खरं म्हणजे ती मास्तरांच्या पायाने थांबलेली असते. या कलेत मास्तरांचा हात, म्हणजे पाय, धरणारा गावात कुणी नव्हता. इतक्या हलक्या पायाने दाबायचे की समोरच्याला धक्का कळत नसे. एकदा एक वकील शिकायला होता, तिरकस बोलणारा. परवाना मिळाल्यावर पेढे देण्याऐवजी तो म्हणाला होता, "मास्तर, एवढे दिवस गाडी मी चालवत होतो की तुम्ही?" मास्तर म्हणाले होते, "अपघात झाला का? नाही ना? मग चालवणारा कोण, याच्याशी काय घेणं?" हे उत्तर त्यांना फार आवडलं होतं. घरी येऊन त्यांनी ते तिलाही ऐकवलं होतं. ती तेव्हा कुणाचा तरी कोट मांडीवर घेऊन बसली होती. मान वर न करता म्हणाली होती, "वकिलाला काय वाटलं, ते विचारलंत का पण?"

ती रफू करायची. कपडे धुऊन इस्त्री करून देणाऱ्या दुकानात, काचेच्या मागे, खिडकीतल्या उजेडात तिची खुर्ची असायची. येणारे-जाणारे बघत उभे राहायचे, बघून पुढे जायचे, कारण बघण्यासारखं काहीच नसायचं. एक बाई मांडीवरचं कापड डाव्या हाताने ताणून धरते आणि उजव्या हातातली सुई हलते न हलते. पण कापडाला किडीने पाडलेलं भोक असो की विडीने, खिळ्याने ओरबाडलेलं असो की उंदराने कुरतडलेलं, तिच्या हाताखालून गेल्यावर ते कुठे होतं हे शोधून दाखवायची पैज लागायची. ती त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून, दुमडलेल्या काठातून, जिथे कुणाची नजर जात नाही तिथून धागे सोडवून घ्यायची आणि भोकावर एक आडवा एक उभा असे विणत जायची. बाहेरचा धागा कधी वापरायची नाही. "कपडा आपला आपणच भरून येतो," म्हणायची, "मी फक्त इकडचं तिकडे करते." आणि शेवटी डोळे मिटायची. मास्तरांना ते डोळे मिटणं फार आवडायचं. उजव्या हाताचा अंगठा वरून, पहिलं बोट खालून, मधे कापड, आणि ती चिमूट ती अगदी सावकाश फिरवायची. कुठे उंचवटा राहिला, कुठे धागा ताठ बसला, हे तिला तिथे कळायचं. डोळ्यांना जे फसवता येतं ते बोटांना येत नाही, हे तिच्या गुरूचं, एका फटकळ म्हातारीचं म्हणणं. त्याच म्हातारीकडून तिने सुईबरोबर गाणीही उचलली होती. काम मनासारखं जमलं की गुणगुणायची:

एकडोळी माझी सुई, तिला दिसतं गं सारं
दोन डोळ्यांचा हा धनी, त्याला दिसेना का बरं

"हे माझ्यावर आहे का?" मास्तर विचारायचे. "ओवीला काय ठाऊक धनी कोण," ती म्हणायची. "ज्याला लागेल त्याची."

मधे एक काळ असा आला होता की गाडी शिकवायच्या शाळेच्या मालकाने गाड्या विकून टाकल्या आणि मास्तर घरी बसले. त्या काळाबद्दल घरात कुणी बोलत नसे. बोलायचं झालंच तर 'त्या वेळी' म्हणायचे. त्या वेळी मुलगी शाळेत होती, घराचं भाडं होतं, दुखणीखुपणी होती, आणि हे सगळं कशावर चाललं होतं ते मांडीवरच्या कोटांना आणि शालींना ठाऊक. तिने एकदाही बोलून दाखवलं नाही. बोलून दाखवलं असतं तर बरं झालं असतं, असं मास्तरांना पुढे वाटलं. बोललेलं माणूस विसरतं, न बोललेलं अंगात राहतं. त्यांच्या अंगात ते एका निश्चयासारखं राहिलं. चांगले दिवस येऊ देत, मग हिला म्हणणार आहे, आता पुरे, आता तू बस. चांगले दिवस आले. नवी शाळा आली, नव्या गाड्या आल्या, मुलगी नोकरीला लागून दुसऱ्या शहरात गेली. मास्तर म्हणाले, "आता पुरे, आता तू बस." ती म्हणाली, "बसलेलीच तर असते." आणि दुकानात गेली. मास्तरांनी ते गंमत म्हणून घेतलं. चार लोकांत ते सांगू लागले, आमची ही दुकानात जाते, पण ते आपलं वेळ जावा म्हणून. असं सांगताना त्यांना छातीत भरून यायचं, जणू जुना हिशेब फिटला. तिच्या कानावर ते जात असणार. ती काही म्हणाली नाही, आणि तिच्या काही न म्हणण्याला होकार समजायची मास्तरांना फार दिवसांची सवय होती.

आणि मग उजवा हात दुखायला लागला होता. आधी मुंग्या, मग चटके. मनगटापासून अंगठा आणि पहिल्या बोटापर्यंत कुणी तापलेली तार ओढतंय असं ती म्हणायची. रात्र झाली की ते वाढायचं. ती दातांत पदराचं टोक धरायची आणि तरी नाकातून एक बारीक आवाज यायचाच. तो आवाज ऐकला की मास्तर ताडकन उठायचे, दिवा लावायचे, तिचा हात मांडीवर घ्यायचे, शेक द्यायचे, मलम चोळायचे, "कमी वाटतंय का, कमी वाटतंय का," विचारायचे. "वाटतंय," ती म्हणायची. गोळ्या झाल्या, पट्ट्या झाल्या, सुया झाल्या, आणि शेवटी ते या डॉक्टरांकडे आले. याच खोलीत. तेव्हा दारातून आधी मास्तर आत गेले होते आणि मागून ती.

ती खोली मास्तरांना आत्ता बंद दारातूनही दिसत होती. डॉक्टर शांत माणूस. टेबलावर हाताचा एक सांगाडा ठेवलेला, त्याच्या बोटांत कुणीतरी गंमत म्हणून पेन अडकवलेलं. डॉक्टरांनी तिचा हात उलटसुलट करून पाहिला, टोचून पाहिला, आणि मग दोन वाटा सांगितल्या. एक वाट लांबची. गोळ्या, मधूनमधून इंजेक्शनं, रोजचे व्यायाम. दुखणं कमी होईल, पण सगळं जाईल अशी खात्री नाही. दुसरी वाट जवळची. ती नसच कापून बंद करायची. दुखणं थांबेल, पण या दोन बोटांना स्पर्श कळणार नाही. बोटं हलतील, उचलतील, धरतील, फक्त काय धरलंय ते बघावं लागेल. मग डॉक्टर तिच्याकडे बघून म्हणाले, "बाई, या बोटांनी काही बारीक काम करता का तुम्ही?"

आणि मास्तर म्हणाले, "शिवणटिपण करते थोडं. हौस म्हणून."

एवढंच. हे वाक्य त्यांनी नंतर इतक्या वेळा उलटंपालटं करून पाहिलं होतं की ते आता शब्दांसारखं लागतही नव्हतं. त्यात वाईट काय होतं? वाईट काहीच नव्हतं. डॉक्टरांनी असं समजू नये की या माणसाच्या बायकोला या वयात पोटासाठी सुई ओढावी लागते, एवढंच मनात होतं. आणि त्याच्याखाली, आणखी खाली, तिच्या रात्रीच्या त्या बारीक आवाजाची भीती होती. तो आवाज थांबावा. लांबच्या वाटेने नको, खात्रीने थांबावा. तो कुणाला जास्त सहन होत नव्हता, हा प्रश्न मास्तरांना तेव्हा पडला नव्हता. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं होतं, हे मान्य करायला हवं. भला माणूस होता. "बाई, तुमचं काय म्हणणं?" तिने आधी आपल्या हाताकडे पाहिलं, मग मास्तरांकडे. त्या बघण्यात काहीतरी होतं. मास्तरांनी तिला धीर द्यावा तशी मान हलवली. "हे म्हणतात तसं," ती म्हणाली. घरी येताना मास्तर खुशीत होते. आता तुला झोप लागेल, आता तुला झोप लागेल, असं रस्ताभर म्हणत होते, लहान मुलाला थोपटावं तसं.

झोप लागली. खरंच लागली. महिनाभर तरी घरात सणासारखं वातावरण होतं. मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, तुम्ही होतात म्हणून." मास्तरांनी ते वाक्य कितीतरी दिवस खिशात ठेवल्यासारखं जपलं. मग ती पुन्हा दुकानात जाऊ लागली. पहिल्याच आठवड्यात कुणाची तरी फिकट रंगाची लोकरीची शाल होती. तिने नेहमीसारखी घेतली, नेहमीसारखी सुई चालवली, आणि दुकानातली इस्त्रीवाली म्हणाली, "ताई, रक्त." सुई बोटात शिरली होती आणि तिला कळलं नव्हतं. शालीवर बारीक बारीक लाल टिपके पडत गेले होते, एका ओळीत, जणू कुणी नक्षी काढायला घेतली होती. डाग तिने थंड पाण्यात धुतले, ते गेले. शाल तिने तशीच, न विणता, परत केली. घरी आल्यावर हे सगळं तिने एका दमात सांगितलं, आणि मास्तर काय म्हणाले? म्हणाले, "जाऊ दे गं. सुंठीवाचून खोकला गेला. आता तरी बसशील."

ती बसली. खिडकीपाशी बसायची. दोन बोटांची चिमूट करून साडीचा काठ त्यात फिरवायची, डोळे मिटून, पुन्हा पुन्हा. मास्तरांना वाटे, सवय आहे, जाईल. एकदा रस्ता ओलांडताना तिने नेहमीसारखा त्यांचा हात धरला आणि पलीकडे पोचल्यावर खाली बघितलं. "काय झालं?" मास्तरांनी विचारलं. "काही नाही. धरलाय का ते बघितलं," ती म्हणाली. रहदारीच्या गोंगाटात ती ते सहज बोलून गेली. पण मास्तरांच्या पायाखालचा रस्ता तिथे थोडा खचला. इतकी वर्षं ज्या बोटांनी त्यांना ओळखलं होतं, ताप आला तर कपाळावरून, खोटं बोलले तर मनगटावरून, त्या बोटांना आता ते लाकडासारखे होते, किंवा ती बोटं त्यांना. दुखणं संपलं होतं हे खरं. डॉक्टरांनी जे सांगितलं होतं तेवढं सगळं घडलं होतं. त्यात फसवणूक कुणाचीच नव्हती, म्हणून दोष ठेवायला जागा शोधत शोधत मास्तर फिरून फिरून स्वतःपाशी यायचे आणि तिथूनही मागे फिरायचे.

मेहुणी आली होती त्या दिवशी मात्र फिरता आलं नाही. ती बहिणीपेक्षा लहान, जिभेला हाड नाही. म्हणाली, "भावजी, तुमच्या गाडीत बसलं की दुसऱ्याने पाय ठेवायचा कुठे, हेच कळत नाही." मास्तर हसले. म्हणाले, "मी काय केलं? डॉक्टरांनी तिलाच विचारलं, तीच हो म्हणाली." मेहुणीने तोंड उघडलं, पण तिच्याआधी मोठी बहीणच बोलली, चहाच्या कपांकडे बघत. "मी हो नाही म्हणाले. हे म्हणतात तसं, म्हणाले." मग थोड्या वेळाने, "हौस म्हणालात तुम्ही. मी म्हणाले असते ना, हौस नाही डॉक्टर, त्यावर आमचं घर उभं राहिलंय, तर तुम्ही खोटे पडला असता. परक्या माणसासमोर." आणि कप उचलून आत गेली. मेहुणी मूग गिळून बसली. हे मास्तरांनी कधी पाहिलेलं नव्हतं, म्हणून ते त्यांना जास्त लागलं. म्हणजे त्या खोलीत त्यांची अब्रू राखायला तिने आपली दोन बोटं खर्ची घातली होती, आणि त्यांनी तिची झोप राखायला तीच दोन बोटं मागितली होती. दोघंही एकमेकांना जपत होती. जपता जपता बोटं गेली.

त्यानंतर माफी मागावी असं त्यांना कितीदा वाटलं. शब्द जुळवायचे, आणि शब्दांच्या शेवटी नेहमी एक 'पण' यायचा. पण तुला होणारा त्रास बघवत नव्हता. पण मला वाटलं. पण तू तरी बोलायचंस. तो 'पण' काढून वाक्य उभं राहत नसे, म्हणून ते राहून गेलं.

आणि तिकडे ती डावा हात शिकवत होती. मास्तर कामावर गेले की. हे त्यांना फार उशिरा कळलं, पलंगाखाली झाडताना चिंध्यांचं गाठोडं निघालं तेव्हा. प्रत्येक चिंधीला भोक पाडलेलं आणि प्रत्येक भोक भरलेलं. वरच्या चिंध्यांत भोक दिसेनासं होत आलं होतं, तळाच्या चिंध्या म्हणजे पोराने गिरवलेली अक्षरं. मास्तर फरशीवर बसून एकेक चिंधी चिमटीत धरून बघत राहिले. त्यांच्या बोटांना अर्थातच काही कळलं नाही. त्यांनी गाठोडं होतं तसं ठेवलं आणि तिला विचारलं नाही. काही दिवसांनी ती पुन्हा दुकानात जाऊ लागली. साधी कामं घ्यायची, हळू करायची, डाव्या हाताची चिमूट फिरवताना डोळे मिटायची. गुणगुणायची मात्र नाही.

मग परवा. परवा संध्याकाळी मास्तर पाणी प्यायला उठले तर ती स्वयंपाकघरात नळाखाली हात धरून उभी होती. डावा हात. मनगटापासून बोटांपर्यंत पाणी सोडून, डोळे घट्ट मिटून. हे मिटणं वेगळं होतं. मास्तर दारातच थांबले. "कधीपासून?" त्यांनी विचारलं. ती दचकली, नळ बंद केला, हात पदराला पुसला. "कशाचं कधीपासून? भांडी घासत होते." ओट्यावर भांडं नव्हतं. "अगं, खोटं का बोलतेस?" असं त्यांच्या तोंडात आलं आणि तिथेच विरघळलं, कारण उत्तर त्यांच्या डोळ्यांसमोर उभं होतं, ओल्या हाताने. ती दुखणं त्यांच्यापासून लपवत होती. दुखणं कळलं असतं तर त्यांनी ते थांबवलं असतं. थांबवल्याशिवाय ते राहूच शकले नसते. संसार सुरू झाल्यापासून तिने त्यांच्यापासून काही लपवलं नव्हतं, आणि लपवायला सुरुवात केली ती या डाव्या हातापासून: आधी त्याच्या चिंध्या, आता त्याचं दुखणं. दुसऱ्या दिवशी नंबर तिने स्वतःच लावला, आणि एकटीच बोलणार हेही तेव्हाच सांगून ठेवलं होतं, हे आज टेबलामागच्या मुलीकडून कळलं.

आतून काहीतरी ऐकू आलं. मास्तरांनी कान टवकारले. ती हसत होती. डॉक्टरांच्या खोलीत, डाव्या हाताचं दुखणं सांगताना, ती कशावर हसली असेल? तिचा आवाज मग सलग येत राहिला, शब्द न कळता, फक्त चढउतार. इतका वेळ ती सलग बोलते हे मास्तरांना माहीत नव्हतं. आपल्या दुखण्याबद्दल ती कसे शब्द वापरते, तापलेली तार म्हणते की आणखी काही, कुठून सुरुवात करते, काय गाळते, हे त्यांनी कधी ऐकलेलंच नव्हतं. प्रत्येक वेळी सांगायचं काम त्यांनीच केलं होतं. आत एक अनोळखी बाई बोलत होती आणि तिचा आवाज त्यांना ओळखीचा होता.

आणि मग त्यांना एकदम वाटलं की आपण आत जावं. बसायला नाही, सल्ला द्यायला नाही. फक्त दार उघडून उभं राहून सांगावं, डॉक्टर, मागच्या वेळी मी चुकीचं सांगितलं. हिची हौस नव्हती ती. हिचं काम होतं. एवढं सांगून बाहेर यावं. ते उठले. इतके दिवस जे वाक्य 'पण'शिवाय उभं राहत नव्हतं ते आज आयतं, सरळ उभं होतं. दारापर्यंत चार पावलं होती. दाराची मूठ थंड होती. आत तिचा आवाज चालूच होता, आणि मास्तरांनी मूठ फिरवायला जोर लावला त्याच वेळी त्यांच्या मनात आलं, आपण दार उघडलं की हा आवाज थांबेल. डॉक्टर त्यांच्याकडे बघतील. तीही बघेल, तशीच, तेव्हासारखी. ते आपलं वाक्य म्हणतील, त्यांचे डोळे भरून येतील, आणि मग तिला उठून त्यांना सांभाळावं लागेल. असू द्या हो, म्हणावं लागेल. तिचा हात बाजूलाच राहील. मूठ त्यांच्या तळव्यात कोमट होत गेली. ती त्यांनी सोडली, ती आवाज करू नये म्हणून सावकाश सोडली, आणि परत येऊन बसले.

"काय झालं?" म्हातारबाबांनी विचारलं. "जायचं नव्हतं?"

"नाही."

"मला पण नाही जायचं," म्हातारबाबा सुनेकडे बोट करून हळूच म्हणाले. "पण आम्हाला जायचंय ना."

ती बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा बघून काहीच कळत नव्हतं. मास्तरांनी तो वाचायचा प्रयत्न केला आणि मग नजर काढून घेतली. तिने टेबलामागच्या मुलीकडून कागद घेतला, घडी घालून आपल्या पर्समध्ये ठेवला. दोघं जिना उतरली. खाली रस्ता होता, दुकानांच्या पाट्या, रंगाच्या डब्यांचा वास, फुटपाथवर उलट्या ठेवलेल्या खुर्च्या. ती नेहमीपेक्षा जरा पुढे चालत होती. मास्तर मागून चालत होते. विचारायचं नाही हे सोपं असेल असं त्यांना वाटलं होतं. ते सोपं नव्हतं. बसथांब्यावर बाकावर दोघं बसली. ती मधे पर्स ठेवून बसली.

"नस नाही कापणार," ती म्हणाली, समोरच्या रस्त्याकडे बघत. "गोळ्या देणारेत. व्यायाम शिकवायला एक बाई आहे, तिच्याकडे जायचं. निम्मं कमी झालं तरी खूप म्हणाले."

"आणि निम्मं?"

"निम्मं राहील." तिने डावा हात मांडीवर उघडून ठेवला, जणू त्यालाही ऐकू यावं. "डॉक्टर म्हणाले, रात्री त्रास होईल. म्हटलं, माहितीये."

एक बस आली. त्यांची नव्हती. दार उघडून, वाट बघून, निघून गेली.

"एक सांगायचंय," ती म्हणाली. "रात्री मी कण्हले तर उठू नका. दिवा लावू नका. हात मांडीवर घेऊन, कमी वाटतंय का, विचारू नका. तुम्ही विचारलंत की मला तुम्हाला बरं वाटेल असं काहीतरी सांगावं लागतं. दुखत असताना तेवढं होत नाही माझ्याने."

मास्तरांना किती रात्री आठवल्या, शेक, मलम, दिव्याचा पिवळा उजेड, आणि तिचं ते 'वाटतंय'. म्हणजे तेसुद्धा. त्यांना वाटत होतं, त्या रात्री तरी आपल्या होत्या. एकही राहिली नाही.

"मग मी काय करू?" त्यांनी विचारलं. आवाज त्यांना हवा होता त्यापेक्षा लहान निघाला.

तिने बराच वेळ विचार केला. टाळायला म्हणून नाही. खरंच, एखाद्या कपड्याला कुठून हात घालावा हे बघावं तसा.

"जागे असाल तर असा जागे," ती म्हणाली. "पण अंधारात."

"बरं," मास्तर म्हणाले. त्यांची बस लांबून वळताना दिसली. ती उठली, पर्स उजव्या खांद्यावर घेतली, आणि ती कुठे धरते, कशी चढते हे न बघता मास्तर तिच्या मागोमाग उभे राहिले.